आप्पांचा राज्याभिषेक

बँकेत मला हेडकॅशियर केलं, त्या संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन मी समोरच्या आप्पा केळुसकरांकडे गेलो. आप्पांनी पेढा घेतला, चष्मा कपाळावर सरकवून तो नीट पाहिला, तोंडात टाकला आणि मग विचारलं,

"डोकं ओलं झालं का?"

मी गोंधळलो. "नाही हो. साहेबांनी हात मिळवला, ऑर्डर दिली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"पाणीबिणी काही नाही?"

"कूलरचं प्यायलो नंतर."

"मग कसला हेडकॅशियर झालास तू! कागदाने कोणी काही होत नसतो रे." असं म्हणून त्यांनी दुसरा पेढा उचलला. "पेढा मात्र झकास आहे."

हा प्रश्न ते फक्त मलाच विचारत असं समजू नका. आमच्या वॉर्डाचे नगरसेवक निवडून आल्यावर गळ्यात हार घालून सोसायटीत आले होते. तेव्हा आप्पांनी गर्दीतून पुढे होऊन त्यांच्या टाळूवर हात फिरवला. नगरसेवकांना वाटलं, म्हातारा आशीर्वाद देतोय. ते बिचारे वाकले. आप्पा आमच्याकडे वळून मोठ्याने म्हणाले, "कोरडं ठणठणीत!"

आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या अंगाला. वारा तिकडून सुटला की गॅलरीतल्या कपड्यांना खारट वास यायचा आणि बायका मिठागरांच्या नावाने बोटं मोडायच्या. मी आणि आप्पा दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर. त्यांचं दार दिवसभर अर्धं उघडं असायचं आणि ते वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली वीट लावलेली असायची. आम्ही इमारतीत राहायला आलो तेव्हा प्रत्येक घरी माणसं, सामान, कुंड्या, पाळणे आले. आप्पांकडे एक ट्रंक, पुस्तकांची दोन खोकी आणि वेताच्या दोन खुर्च्या आल्या. त्यांच्या पत्नी, कुसुमताई, फ्लॅटचा ताबा मिळायच्या आधीच्या उन्हाळ्यात वारल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. लालबागच्या एका खोलीत दोघांनी संसार केला, जन्मभर पैसे साठवून स्वतःचा नळ असलेलं घर घेतलं, आणि त्या नळाखाली कळशी धरायला एकटे आप्पाच आले.

आप्पांनी उभा जन्म एका मराठी दैनिकात मुद्रितं तपासण्यात घालवला होता. दैनिकाचं नाव सांगत नाही, कारण ते अजून निघतं आणि चुकांसकट निघतं. त्या धंद्यातल्या माणसाला कधीतरी एखादा शब्द चावतो म्हणतात. आप्पांना 'राज्याभिषेक' चावला.

त्याची हकीकत त्यांनी मला इतक्यांदा सांगितली आहे की मी तिथे हजर होतो असं मला कधीकधी वाटतं. कुठल्यातरी परदेशातल्या राजपुत्राच्या डोक्यावर मुकुट ठेवतानाचं छायाचित्र आलं होतं. खाली मोठ्या टायपात शब्द होता, राज्याभिषेक. आप्पांनी मुद्रितावर प्रश्नचिन्ह काढलं आणि शेजारी लिहिलं, 'पाणी कुठे आहे?' उपसंपादक धावत खाली आला. पान अडलं. मशीनवाले ओरडायला लागले. शेवटी संपादकांनी केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "केळुसकर, लोकांना अर्थ कळतो ना?"

"लोकांना चुकीचा अर्थसुद्धा कळतो, साहेब," आप्पा म्हणाले. पान तसंच छापलं गेलं. आप्पा मात्र त्या दिवसापासून कामाला लागले.

त्यांचं म्हणणं अगदी साधं होतं, फक्त ते सांगायला त्यांना तास लागायचा. "अभिषेक म्हणजे शिंपणं. मूळ संस्कृत धातूच शिंपण्याचा आहे. समोरून, मागून, चहूबाजूंनी पाणी घालणं. राजाला राजा कोण करतं? पाणी करतं. मुकुट नंतर, ऊन लागू नये म्हणून. इंग्रजांच्या 'कॉरोनेशन' शब्दात मुकुट आहे, आपल्या शब्दात पाणी आहे. त्यांचा राजा टोपीने होतो, आपला भिजून होतो. शाळेच्या पुस्तकातलं ते चित्र आठव. सिंहासन दिसतं, छत्र दिसतं, तलवार दिसते. पण कलश कुठल्या कोपऱ्यात आहे ते कोणी बघत नाही!"

मी एकदा विचारलं, "पण आप्पा, पाणीच का?"

"कारण मुकुट माणूस स्वतःच्या हाताने घालू शकतो. पाण्याचं तसं नाही. स्वतःच घेतलं तर ती आंघोळ. दुसऱ्याने घातलं तर अभिषेक. आणि पाणीसुद्धा एका घरचं चालत नसे. सगळ्या नद्यांचं, समुद्राचं, विहिरीचं, दवाचं, ऊन असताना पडलेल्या पावसाचं. मुलखातल्या माणसांनी हंडे भरभरून आणायचं. सगळ्यांचं पाणी ज्याच्या डोक्यावर पडलं, तो सगळ्यांचा. कळलं?"

मला कळलं होतं, पण तेव्हा मला दूध आणायला जायचं होतं.

शब्द कुठे बरोबर वापरला आणि कुठे चुकला याचा न्याय आप्पा उभ्या उभ्या करत. क्रिकेटच्या नव्या कप्तानाचा पेपराने 'राज्याभिषेक' केला की बाद. पक्षाध्यक्षांचा केला की बाद. पण एकदा जुहूला जाताना थिएटरबाहेर एका नटाच्या भल्यामोठ्या कटआऊटवर चाहते शिडी लावून दूध ओतत होते. मी नाक मुरडलं, तर आप्पा रस्त्यातच थांबून कौतुकाने बघत राहिले. "हा बघ, हा बरोबर. डोकं ओलं झालंय!" आणखी एकदा आमचे सेक्रेटरी परब यांच्या टकलावर जिन्यात कबुतराने कार्यक्रम केला. परब शिव्या देत वर आले. आप्पा गंभीरपणे म्हणाले, "परब, सेक्रेटरी झाल्यापासून आज पहिल्यांदा तुमची निवड पक्की झाली."

परब रेल्वेत गार्ड होते आणि मूळचे मालवणकडचे. ते म्हणाले, "ओ आप्पानू, तुमचा डोक्या फिरलाहा."

"फिरू दे, पण कोरडं आहे," आप्पा म्हणाले.

त्या काळात इमारतीत रंगीत टीव्ही फक्त आमच्याकडे. रविवारी सकाळी कुठलीशी राजाराण्यांची पौराणिक मालिका लागायची आणि आमच्या दोन खोल्यांत अर्धी सोसायटी मांडी घालून बसायची. एका रविवारी मालिकेतल्या राजपुत्राला गादीवर बसवायचा प्रसंग होता. शंख वाजले, फुलं पडली, ऋषींनी त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवला. आमच्या घरात बायकांनी चक्क हात जोडले. परबांच्या सासूबाईंचे डोळे भरून आले. आणि तेवढ्यात मागून आवाज आला, "कोरडा! कोरडा बसवला!"

"आप्पा, गप बसा ओ!" परबांच्या सासूबाई कडाडल्या.

"अहो, कलश दाखवलाच नाही! विग भिजेल म्हणून पाणी घातलं नाही मेल्यांनी! उद्या हा वनवासात गेला तर मला सांगू नका."

पुढच्या भागात तो खरंच वनवासात गेला. आप्पा आठवडाभर जिन्यात भेटेल त्याला थांबवून विचारत होते, "काय म्हटलं होतं मी?"

आता बाटल्यांबद्दल सांगायला हवं, कारण आप्पांचा खरा जीव त्या बाटल्यांत होता. आंघोळीच्या श्लोकात सात नद्या येतात ना, त्या सातही नद्यांचं पाणी त्यांना हवं होतं. स्वयंपाकघराच्या फळीवर डबे कमी आणि बाटल्या जास्त. प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवलेली, सुवाच्य अक्षरात नाव घातलेलं: गंगा, यमुना, गोदावरी. सरस्वतीची बाटली रिकामीच होती आणि तिला घट्ट बूच होतं. मी पहिल्यांदा विचारलं, "ही भरायची राहिली का?"

"भरलेली आहे," आप्पा म्हणाले. "ती गुप्त आहे."

सोसायटीतलं कोणी गावाला निघालं की आप्पांना कसा वास लागायचा कोण जाणे. बॅग घेऊन जिना उतरायला लागलं की अर्ध्या दारातून चष्मा बाहेर येई. "नाशकाला? मग येताना बाटलीभर गोदा आण." रिकामी बाटली तयारच असायची. सात नद्या जमल्या की आप्पा कोणाला अभिषेक करणार, हे कोणालाच माहीत नव्हतं. बहुतेकांचा अंदाज होता की ते स्वतःलाच करून घेणार. मी एकदा सरळ विचारलं, तर म्हणाले, "आधी जमू तर देत."

आणि जमतच नव्हत्या. गंगा आली तर तिला रॉकेलचा वास येई, कारण आणणाऱ्याने बाटली धुतलीच नव्हती. आमच्या बँकेतल्या एकाने आग्र्याहून यमुना आणली, तर आप्पा म्हणाले, "आग्र्याची? म्हणजे दिल्ली खाऊन आलेली. चालायची नाही. वरची आण." माझ्या एका तामिळ मित्राने खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतून कावेरी आणली. ती गुलाबी झाली होती. नर्मदेत गाळ निघाला. सहा नद्या घरात आल्या की एक तरी बाद व्हायची, आणि पुन्हा कोणाच्या तरी मागे लागायचं. आम्हाला वाटायचं, म्हातारा भारी काटेकोर.

बाटली द्यायला जाणं म्हणजे मात्र एक शिक्षाच होती. आप्पा बाटली हातात घेत नसत. आधी बसवत. चहा टाकत. मग विचारत, "कुठल्या घाटावरून भरलंस? पाणी कमरेएवढं होतं की घोट्याएवढं? गार होतं? शेजारी कोण आंघोळ करत होतं? तू काय म्हणालास नदीला?" नुसतं पाणी नको, हकीकत हवी. ज्याने बाटली घाईघाईत स्टेशनावरच्या नळावर भरलेली असायची, त्याची पंचाईत व्हायची. परबांच्या मुलाने अशीच एक गोदावरी आणली होती आणि शेजारी कोण आंघोळ करत होतं या प्रश्नावर तो सापडला.

बसताना एक पथ्य होतं. वेताच्या दोन खुर्च्यांपैकी दाराजवळच्या खुर्चीवर बसायचं नाही. तिच्यावर हाताने शिवलेली छोटी उशी होती. कोणी तिकडे वळलं की आप्पा पटकन म्हणत, "तिथे नको, इथे बस," आणि स्वतःची खुर्ची देऊन आपण ट्रंकेवर बसत. कारण विचारलं तर सांगत, "अभिषेकाला दोन आसनं लागतात. राणी शेजारी नसेल तर राजा होता येत नाही. शास्त्र आहे तसं." हे ते इतक्या कोरडेपणाने सांगत की पुढे विचारायचं धाडस व्हायचं नाही.

सगळ्यात अवघड होती सिंधू. ती बरीचशी सीमेपलीकडे. पहिल्या मजल्यावर लालवानी भाभी राहायच्या. त्या लहानपणी फाळणीत सिंधमधल्या सक्खरहून आलेल्या. आप्पा बाटली घेऊन त्यांच्याकडे गेले आणि घरी सिंधूचं थोडं पाणी ठेवलेलं असेल तर द्या म्हणाले. भाभी हसल्या. "भाईसाब, हम खुद मुश्किल से निकले थे, पानी कहाँ से लाते?" हसता हसता त्यांचं हसू कुठेतरी गेलं. आप्पा रिकामी बाटली मांडीवर घेऊन त्यांच्या सोफ्यावर बसून राहिले. भाभींनी त्यांना सक्खरची नदी, तिच्यावरचा पूल, नावेतून नदीतल्या मंदिरात जाणं, सगळं सांगितलं. त्या दिवसापासून भाभींकडून आप्पांना अधूनमधून सिंधी साईभाजीची वाटी यायला लागली. पाणी मिळालं नाही, पण आप्पा म्हणाले, "हकीकत एक नंबर मिळाली."

मग आप्पांना पंचाहत्तरावं लागलं आणि परबांच्या डोक्यात कल्पना आली. मीटिंगमध्ये ते म्हणाले, "आप्पांची पंचाहत्तरी इली. हार, नारळ, शाल कोणीपण देता. आपण त्यांचो राज्याभिषेक करूया. खराखुरो. पाण्यान."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. इतकी वर्षं म्हातारा एका गोष्टीच्या मागे आहे, ती त्याला एकदा मिळवून द्यावी असं सगळ्यांना मनापासून वाटत होतं. आप्पांना सांगायला गेलो तर ते दचकलेच. "अरे पण सात कुठे जमल्यात? यमुना बाद आहे. कावेरी गुलाबी आहे. सिंधू तर नाहीच."

"ता तुमी आमच्यार सोडा," परब म्हणाले.

परबांनी गार्डांच्या लायनीत निरोप सोडला. अलाहाबादकडून, नाशिककडून, जबलपूरकडून, दक्षिणेकडून, गार्डाच्या डब्यातून बाटल्या येत गेल्या आणि एका संध्याकाळी परबांनी सोड्याचा क्रेट खांद्यावर घेऊन आप्पांच्या दारात ठेवला. "घेवा! गंगा, यमुना, गोदा, नर्मदा, कावेरी. सगळ्यांका बूच लावन, वासबीस काय नाय."

आप्पांनी एक बाटली उजेडात धरली. पाणी स्वच्छ होतं. त्यांनी विचारलं, "ही कुठल्या घाटावरची?"

"काय ठावक! पार्सल इला."

"भरलं कोणी?"

"कोणीतरी भरल्यानच असतला ना आप्पा! यार, तुमीपण ना!" परब हसले आणि पाठीवर थाप मारून वर गेले. आप्पा तो क्रेट घेऊन आत गेले. त्या दिवशी त्यांनी चहा टाकला नव्हता, हे माझ्या लक्षात आलं, पण मी त्याचा काही अर्थ लावला नाही.

सिंधू मात्र लालवानी भाभींनीच मिळवली. त्यांचा पुतण्या लष्करात होता आणि लेहला बदली होती. तो सुट्टीवर आला तो फौजी बाटलीत सिंधूचं पाणी घेऊन. भाभी स्वतः दोन मजल्यांमधला जिना चढून आल्या, डोक्यावर ओढणी घेऊन. पुतण्याने सगळं सांगितलं, पाणी किती बर्फाळ, बोटं कशी बधिर झाली. ते पाणी आप्पांनी दोन्ही हातांनी घेतलं.

रविवारी सकाळी गच्चीवर मांडव घातला. चौरंग, रांगोळी, सोसायटीचा पितळी कलश. भटजी ठाण्याहून आणले होते. मालिका बघायला कोणी थांबलं नाही, यातच काय ते समजा. आप्पा पांढरं धोतर आणि उपरणं घेऊन वर आले. एका हाताने त्यांनी वेताची ती दाराजवळची खुर्ची उचलून आणली होती, उशीसकट. ती त्यांनी चौरंगाच्या डाव्या बाजूला ठेवली.

भटजींनी आसपास पाहिलं. "यजमानीण बाई?"

 परबांनी खालच्या आवाजात काहीतरी सांगितलं. "असं होय," भटजी म्हणाले आणि पिशवीतून सुपारी काढली. पत्नी हयात नसली की सुपारी कमरेला खोचून पूजेला बसायचं, अशी रीत आहे. "ही कमरेला लावा, म्हणजे झालं."

आप्पांनी सुपारी तळहातावर घेतली. तिच्याकडे बघत म्हणाले, "कमरेला नको, गुरुजी. ती कधी माझ्या कमरेला नव्हती. शेजारी होती." आणि त्यांनी ती सुपारी खुर्चीतल्या उशीवर ठेवली.

माझ्या बायकोने, सुमनने, डोळ्याला पदर लावला. परब उगाच मांडवाची दोरी आवळायला लागले.

मग एकेक बाटली कलशात गेली. सरस्वतीची पाळी आली तेव्हा भटजींनी रिकामी बाटली हातात घेऊन आप्पांकडे पाहिलं. आप्पा म्हणाले, "ओता." भटजींनी ती पालथी केली. आम्ही सगळे श्वास रोखून बघत राहिलो. बऱ्याच वेळाने आप्पा म्हणाले, "पुरे. संपली."

भटजींनी कलश उचलला, तसा आप्पांनी हात वर केला. "आधी तिकडे." भटजींनी उशीवरच्या सुपारीवर पाणी शिंपडलं. उशी भिजली. मग आप्पांनी मान खाली घातली. भटजींनी घातलं, मग आम्ही एकेकाने घातलं. परबांनी, सासूबाईंनी, लालवानी भाभींनी, मी, सुमनने. आप्पांचे पांढरे केस कपाळाला चिकटले, उपरणं अंगाला चिकटलं, आणि सगळी गच्ची एका सुरात ओरडली, "आप्पा, डोकं ओलं झालं का?"

"झालं," आप्पा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचं पाणी सगळंच कलशातलं नव्हतं.

खाली बटाटेवडे आणि जिलबी होती. आप्पांचं एकदाचं झालं म्हणून सगळे खूश होते. परब तर महिनाभर त्याच आनंदात होते. मीही विसरून गेलो. कोणाचं तरी एक मोठं काम आपण मार्गी लावलं असं वाटलं की माणूस जरा बेफिकीर होतो.

सुमनच्याच ते आधी लक्षात आलं. भांडी लावता लावता एकदा म्हणाली, "अहो, आप्पांकडे हल्ली कोणी येत नाही." मी म्हटलं, "येतात की." पण मग मी कान दिला. खरंच, समोरून कपबशांचा आवाज येत नव्हता. वीट तशीच होती, दार तसंच अर्धं उघडं होतं, पण गावाला निघालेली माणसं आता दारापाशी रेंगाळत नव्हती. एकदा तिसऱ्या मजल्यावरचे साठे बॅगा घेऊन जिना चढत होते. आप्पा दारात आले. "नाशकाला गेला होतात?"

"हो ना आप्पा! पण आता तुम्हाला पाणी नको, सुटलो बाबा!" साठे हसले आणि वर गेले. आप्पाही हसले. दाराची वीट पायाने सरळ करत ते तिथे थोडा वेळ उभे राहिले.

एका सकाळी मी दाढी करत होतो, तेव्हा आप्पा आमच्याकडे आले. काखेत कापडी पिशवी होती. बसले नाहीत. म्हणाले, "एक विचारायचं होतं. त्या दिवशी तू माझ्या मागे उभा होतास. खरं सांग, मागची बाजू ओली झाली होती का?"

"झाली होती की आप्पा. धोतरसुद्धा भिजलं होतं."

"नाही. कोरडी होती. खाली जाऊन मी हात लावून पाहिलं ना. अभिषेक म्हणजे चहूबाजूंनी. मागची बाजू राहिली म्हणजे झालाच नाही तो. पुन्हा करावा लागेल. पुन्हा सगळं जमवायला..."  माझ्या गालावर अर्धा साबण तसाच होता आणि मी मूर्खासारखा त्यांच्याकडे बघत राहिलो. मग ते एकदम म्हणाले, "अरे, बाटली द्यायला तरी कोणी यायचं रे."

मी वस्तरा खाली ठेवला. इतकी वर्षं रॉकेलचा वास, दिल्लीची यमुना, गुलाबी कावेरी, गाळ, यातलं काहीच खरं नव्हतं, किंवा असलंच तरी कारण ते नव्हतं. नदी बाद झाली की पुन्हा कोणीतरी येणार, बसणार, चहा घेणार, घाटावर कोण होतं ते सांगणार. आणि आम्ही सगळ्यांनी मिळून, मोठ्या प्रेमाने, क्रेटभर पाणी आणून त्यांचं ते दार बंद करून टाकलं होतं.

सुमन हात पुसत बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "आप्पा, दिवाळीला आम्ही वाईला जातोय, माझ्या माहेरी. कृष्णेचं पाणी चालेल का?"

आप्पांमधला मुद्रितशोधक लगेच जागा झाला. "कृष्णा त्या सात जणींत नाही."

"नसू दे. आठवी म्हणून घ्या."

आप्पांनी जमिनीकडे बघत थोडा विचार केला. "घाटावरून भर," ते म्हणाले. "वरच्या पायरीवरून वाकून नको, पाण्यात उतरून. किती गार लागलं ते लक्षात ठेव. शेजारी कोण होतं तेही बघ. आणि आलात की बॅगा ठेवायच्या आधी..." ते थांबले. "नाही, बॅगा ठेवा. जेवा. मग या सावकाश. मी आहेच."

मग त्यांनी काखेतली पिशवी उघडली आणि तिच्यातून एक रिकामी बाटली काढून सुमनच्या हातात दिली. घरून निघतानाच ती धुऊन आणली होती.